राखेचा दगड

घरोघरी चुली होत्या, तेव्हा राख ही टाकून देण्याची वस्तू नव्हती. भांडी घासावयास राख लागे, कडधान्यास कीड लागू नये म्हणून राख लागे, परसातील अळूच्या बुंध्याशीही राखच घालीत. चुली गेल्या, आणि राखेशी असलेली आपली ओळख पुसली गेली. राख मात्र कमी झाली नाही; उलट तिचे डोंगर झाले. आपल्या देशातील दगडी कोळसा जाळला, तर शंभर किलोंमागे सुमारे तीस ते चाळीस किलो राखच उरते. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे येथील वीजकेंद्रांत असा कोळसा जळत असतो. म्हणजे आपण घरात दिवा लावतो, तेव्हा बहुतेक वेळा दूर कोठेतरी चिमूटभर राख वाढत असते.

यातील पुष्कळशी राख पाण्यात कालवून मोठमोठ्या तळ्यांत सोडतात. उन्हाळ्यात ती वाळते आणि वाऱ्याबरोबर पिकांवर व माणसांच्या नाकातोंडात जाते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील अशा तळ्याचा बांध अतिवृष्टीत फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत व नाल्यांत शिरला. अशा या राखेचे करावे काय?

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी, मोशी आणि चाकणवरून जातो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत या भागात कारखाने आणि उंच इमारती सारख्या उभ्या राहत असतात. रस्त्यावर पाठीवरचे भले मोठे पोट गरगर फिरवीत जाणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्या पोटात तयार काँक्रीट असते. सिमेंट, खडी, वाळू आणि पाणी यांचे ते मिश्रण, हे तुम्हांस ठाऊक आहे. परंतु त्यात बहुधा पाचवी वस्तूही असते. ती म्हणजे वीजकेंद्राच्या धुराड्यातून उडून जाण्यापूर्वी, विजेने भारलेल्या पत्र्यांवर अडवून धरलेली बारीक राख.

नुसती राख पाण्यात कालवली, तर तिचा चिखल होतो, दगड होत नाही. मग ती सिमेंटच्या पंक्तीस कशी बसते? सिमेंटला पाणी मिळाले, की दोन गोष्टी घडतात. एक घट्ट बांधणारा पदार्थ तयार होतो, आणि त्याबरोबर थोडा चुना सुटा होतो. हा चुना विशेष कामाचा नसतो. पुढे पाण्याबरोबर झिरपून तो काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे ठेवून जातो. राखेचे कण म्हणजे काचेच्या सूक्ष्म गोळ्याच होत. त्यांतील सिलिका या बेकार चुन्याशी ओल्या जागी संयोग पावते आणि त्यापासून पुन्हा तोच बांधणारा पदार्थ बनतो. छिद्रे भरतात, पाणी आत शिरत नाही, सळया गंजण्यापासून वाचतात.

ही युक्ती नवी नव्हे. आपल्याकडील जुने गवंडी घाणीत चुना मळताना त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळीत असत. रोमन लोक इटलीतील पुत्सुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात घालीत. त्या गावाच्या नावावरूनच अशा पदार्थांस पोझोलाना म्हणतात.

सिमेंट वाचले म्हणजे केवळ पैसाच वाचतो असे नाही. चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमानापर्यंत भाजावी लागते. तेव्हा जळणातून व खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायॉक्साइड वायू हवेत जातो. जितकी राख, तितकी ही भट्टी कमी पेटते.

याचे मोठे उदाहरण सह्याद्रीच्या माथ्यावर, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगास आहे. तेथील घाटघर प्रकल्पाची धरणे काँक्रीटचे पातळ थर पसरून व त्यांवर रूळ फिरवून बांधली. भारतात या पद्धतीने बांधलेली ही पहिलीच धरणे. त्यांतील वीजकेंद्र २००८ मध्ये सुरू झाले. येथे नाशिकजवळच्या एकलहरे केंद्राची राख वापरली, आणि तीही सिमेंटपेक्षा अधिक! सिमेंट पाण्याशी मिळताना उष्णता निघते आणि धरणासारख्या जाड भिंतीस त्या उष्णतेने तडे जाण्याचे भय असते. राखेने ती उष्णता कमी झाली.

घरांच्या बांधकामात प्रमाण एवढे नसते. बाजारात मिळणाऱ्या पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये, राख वापरली असेल तर, ती १५ ते ३५ टक्के असावी असे भारतीय मानक सांगते. कोणतीही राख मात्र चालत नाही. मोशी येथे २०२३ पासून शहराच्या कचऱ्यापासून वीज तयार होते. त्याचीही राख उरते, परंतु कचऱ्याच्या राखेत क्षार व जड धातू असू शकतात. कोळशाच्या राखेच्या भरवशावर ती घरात घालणे म्हणजे साखरेचा डबा समजून मिठाचा उपडा करणे होय.

राखेचा दुसरा स्वभाव संथपणाचा. तिचे बळ सावकाश येते. साध्या सिमेंटच्या कामास किमान सात दिवस ओलावा लागतो, तर राखमिश्रित कामास किमान दहा. कडक उन्हात चौदा. ओल संपली, की राखेचे कामही थांबते आणि ती नुसती भरताड होऊन बसते. घाई झालेले ठेकेदार नेमके येथेच हात आखडतात, आणि पुढे दोष राखेच्या माथी मारतात. म्हणून नव्या खांबांस गोणपाट गुंडाळतात, स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात. घराजवळ बांधकाम चालू असेल, तर दूर उभे राहून हे गोणपाट ओले आहे की कोरडे, ते पाहा. शेजारी सिमेंटची रिकामी पिशवी पडली असल्यास तीही वाचा. राखमिश्रित सिमेंट असेल, तर तिच्यावर राखेचे प्रमाण छापलेले आढळेल.