विद्यार्थ्यांच्या नवउद्योग स्पर्धा आणि वैद्यांचे कर्तव्य

विद्यापीठे व महाविद्यालये विद्यार्थ्यांसाठी ज्या नवउद्योग स्पर्धा, म्हणजेच प्रचलित भाषेत 'स्टार्टअप स्पर्धा', भरवितात, त्यांत आयुर्वेदाचे विद्यार्थीही अलीकडे उत्साहाने भाग घेऊ लागले आहेत. परीक्षक वा मार्गदर्शक म्हणून वैद्यांनाही निमंत्रण येते. ते स्वीकारताना आपण नेमके काय करावयाचे आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. तो व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर आम्ही होतो. अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी क्वाथाचे भरड चूर्ण चहाप्रमाणे कागदी पुडीत आणण्याची कल्पना मांडली. मांडणी नेटकी, आकडेमोड चोख, वेष्टन देखणे. सर्वानुमते प्रथम पारितोषिक त्यांना दिले गेले. सहा महिन्यांनी त्यांपैकी एक विद्यार्थी आमच्याकडे आला. पारितोषिकाची रक्कम आणि त्यात वडिलांनी घातलेली भर वेष्टनांच्या छपाईत खर्च झाली होती. आणि औषध विक्रेते वेष्टनावरील उत्पादन परवान्याचा क्रमांक विचारीत होते. तसा परवाना काढावा लागतो, हेच त्यांना ठाऊक नव्हते. "सर, आपण सगळेच दवाखान्यात औषधे तयार करतो ना?" असे त्याने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. दोष त्याच्याइतकाच आमचाही होता, कारण परीक्षकांपैकी वैद्य आम्हीच होतो आणि हा प्रश्न स्पर्धेच्या दिवशी आम्ही विचारावयास हवा होता.

स्पर्धांचे मूळ प्रयोजन

या स्पर्धांची परंपरा अमेरिकेतील. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात १९८४ साली 'मूट कॉर्प' ही स्पर्धा सुरू झाली. कायद्याचे विद्यार्थी जसा अभिरूप न्यायालयात युक्तिवादाचा सराव करतात, तसा व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी गुंतवणूकदारांपुढे उद्योगाचा आराखडा मांडण्याचा सराव करावा, ही त्यामागील कल्पना. १९९० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दहा हजार डॉलर पारितोषिकाची स्पर्धा सुरू झाली; पुढे ही रक्कम एक लाख डॉलरपर्यंत वाढली. इंटरनेटवरील मजकूर जलद पोहोचविणाऱ्या 'अकामाई' कंपनीचे संस्थापक १९९८ साली याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत होते. त्यांना पारितोषिक मिळाले नाही, तरी कंपनी त्याच वर्षी उभी राहिली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी १९९८ सालीच 'युरेका' ही स्पर्धा सुरू केली. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' योजना आरंभिल्यानंतर अशा उपक्रमांचा प्रसार सर्वत्र झाला.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. कल्पनेची परीक्षा हे स्पर्धेचे प्रयोजन आहे, पारितोषिक हे आनुषंगिक फल होय. परीक्षा नीट झाली तर हरलेला गटही काही घेऊन जातो. ती झाली नाही तर जिंकलेल्या गटाचेही नुकसान होते. पंचकर्मात जसे पूर्वकर्म व पश्चात्कर्म यांवाचून प्रधानकर्म निष्फळ, प्रसंगी अपायकारक ठरते, तसेच येथेही आहे.

पूर्वकर्म

स्पर्धेच्या किमान दोन-तीन महिने आधी विद्यार्थ्यांशी बोलणे व्हावे. या काळात पहिले काम म्हणजे गरजेचे निदान. "आम्हाला च्यवनप्राश काढायचा आहे" हे उत्पादन झाले. गरज कोणाची व कोणती, हे त्यात नाही. बाह्यरुग्ण विभागात बसून रुग्ण औषध मध्येच का सोडतात, काढा घरी का करीत नाहीत, अनुपान का टाळतात, याची नोंद विद्यार्थ्यांनी पंधरा दिवस जरी केली, तरी खऱ्या गरजा समोर येतात. उद्योग म्हणजे केवळ औषधविक्री नव्हे, हेही सांगावे. वनस्पतींची रोपवाटिका, कच्च्या द्रव्यांची ओळख व परीक्षण, पंचकर्माची उपकरणे, रुग्णनोंदींची व्यवस्था या क्षेत्रांतही वाव आहे.

दुसरे काम म्हणजे कायद्याची तोंडओळख. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये विक्रीसाठी आयुर्वेदीय औषध तयार करण्यास परवाना आवश्यक आहे. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार केल्यास त्याला या अटीतून सूट आहे. ही सूट बाजारातील विक्रीस लागू होत नाही. आमच्याकडे आलेल्या विद्यार्थ्याचा गोंधळ नेमका येथेच झाला होता. परवान्यासाठी उत्पादनस्थळाने परिशिष्ट 'टी' मधील उत्तम निर्मिती पद्धतीच्या अटी पाळाव्या लागतात. त्यात किमान १२०० चौरस फूट आच्छादित जागेची अट आहे. विद्यार्थ्यांना हे परवडणारे नाही. परंतु परवानाधारक निर्मात्याच्या जागेत आपले औषध तयार करवून घेण्यासाठी 'लोन लायसन्स'ची तरतूद कायद्यातच आहे. ही एक गोष्ट वेळेवर कळली असती, तर त्या चौघांचा आराखडा वेगळा झाला असता.

प्रधानकर्म

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक मंडळात बँकेचे अधिकारी, उद्योजक, व्यवस्थापनाचे प्राध्यापक असतात. बाजारपेठ व नफा यांविषयी ते विचारतीलच. द्रव्याविषयी मात्र वैद्यानेच विचारावयाचे आहे. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत: बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. हेच चार प्रश्न म्हणून परीक्षकाच्या हाती उत्तम साधन ठरतात.

बहुता: कच्चे द्रव्य पुरेसे व सातत्याने मिळेल काय? गुग्गुळाची वनस्पती नैसर्गिक अवस्थेत अतिसंकटग्रस्त झाली आहे. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल बाजारात येते. शंभर पुड्यांसाठी मिळालेले शुद्ध द्रव्य दहा हजार पुड्यांसाठी मिळेलच असे नाही. द्रव्य कोठून घेतले व त्याची ओळख कोणी पटविली, हे विद्यार्थ्यास सांगता आले पाहिजे.

योग्यत्व: हे द्रव्य कोणासाठी आणि कोणता दावा करून विकावयाचे? औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ मधील यादीत मधुमेह, स्थौल्य आदी व्याधी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. उत्पादन आहार म्हणून आणावयाचे असल्यास 'आयुर्वेद आहार' विषयक २०२२ चे विनियम लागू होतात आणि मग ते औषध म्हणून विकता येत नाही. आहार की औषध, याचा निर्णय आराखड्याच्या पहिल्या पानावरच झालेला असावा.

अनेकविध कल्पना: मूळ कल्पना बदलली तर काय बदलते? कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसारच केलेले औषध ही एक श्रेणी. त्या ग्रंथांतील द्रव्ये घेऊन स्वतः योजलेला योग ही 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी' औषधांची दुसरी. दुसऱ्या श्रेणीसाठी २०१० साली आलेल्या नियम १५८-ब अन्वये द्रव्यांच्या स्वरूपानुसार सुरक्षितता व परिणामकारकता यांचा पुरावा मागितला जातो. येथील 'पेटंट' या शब्दाने विद्यार्थी फसतात. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (प) नुसार पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट आपल्याच वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ साली रद्द करविले. जे इतरांना नाकारले, ते आपल्या विद्यार्थ्यांनीही मागू नये.

संपत्: वीर्य किती काळ टिकेल? शार्ङ्गधरांच्या मते चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व लेह वर्षभराने. आसव, भस्म व रसौषधी मात्र जुन्या झाल्या तरी गुणवान राहतात. आधुनिक वेष्टनाने हा काळ वाढू शकतो, पण तो किती वाढला हे परीक्षणाने दाखवावे लागते. आराखड्यात माल दुकानापर्यंत पोहोचण्यास तीन महिने धरले असतील, तर या प्रश्नाचे उत्तर आधी हवे.

हे प्रश्न विचारताना स्वर मात्र गुरुजनांचा असावा, फिर्यादीचा नसावा. उत्तर न आल्यास "हे शोधून पुन्हा या" एवढे म्हणणे पुरेसे आहे.

पश्चात्कर्म

शोधनानंतर रुग्णास एकदम पूर्ण आहार दिला जात नाही. पेया, विलेपी अशा संसर्जनक्रमाने अग्नी सांभाळला जातो. पारितोषिकाच्या रकमेचेही तसेच करावे, अशी आमची सूचना आहे. पहिला हप्ता द्रव्याची ओळख व परीक्षण यांसाठी, दुसरा लोन लायसन्ससाठी, आणि वेष्टन व प्रसिद्धी यांसाठी अखेरचा. प्रत्येक हप्त्यापूर्वी मार्गदर्शक वैद्याने काम पाहावे. निदान एक वर्ष तरी हा संबंध टिकावा. ज्या वैद्यांकडे परवानाधारक निर्मितीशाळा आहे, त्यांनी वर्षातून एका विद्यार्थी गटास लोन लायसन्ससाठी जागा दिली, तर ते मोठ्या पारितोषिकाहून अधिक उपयोगाचे होईल.

एका बाबतीत मात्र सवलत असू नये. केंद्र सरकारच्या २०१९ च्या विद्यार्थी नवउद्योग धोरणात उद्योजक विद्यार्थ्यांना उपस्थितीत सूट देण्याचा विचार आहे. इतर शाखांत तो योग्य असेल. परंतु रुग्णालयातील उपस्थिती व आंतरवासिता यांत सूट मिळाल्यास आपल्या हाती उद्योजक येईल आणि वैद्य जाईल. ज्याने रुग्ण पाहिला नाही, त्याला औषधाची गरज तरी कशी कळावी?

तो विद्यार्थी आज ग्रामीण भागात व्यवसाय करतो. क्वाथ तो आपल्या रुग्णांना भरड चूर्णाच्या रूपात स्वतःच देतो. पुडीचा उद्योग मात्र त्याने पुन्हा हाती घेतला नाही. वडिलांचे पैसे फेडण्यास त्याला दोन वर्षे लागली. त्याची कल्पना वाईट नव्हती, हे आम्हाला आजही वाटते. पुढील निमंत्रण स्वीकारताना वैद्यबंधुभगिनींनी गुणपत्रिकेसोबत हे चार प्रश्न लिहून न्यावेत, एवढीच विनंती.