रंगांचं प्रकरण काळ्या शाईत

वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या जाडजूड पुस्तकात रंगांवर मोठं प्रकरण असतं, आणि माझ्याकडच्या भारतीय आवृत्तीत ते काळ्या-पांढऱ्यात छापलेलं आहे. एरिक मायर यांचं ‘सीएसएस : द डेफिनिटिव्ह गाइड’. पहिली आवृत्ती २००० सालची. २०१७ च्या चौथ्या आवृत्तीने हजार पानं ओलांडली. ते घेऊन चोपडा गावात बसलं की लाल कोणता, हिरवा कोणता हे आकड्यांवरून ताडायचं. त्यात तोटा नाही. चित्र पाहून पान उलटायची सोयच नसते, म्हणून उदाहरण टाइप करणं आलं, फाइल सेव्ह करणं आलं, ब्राउझर रिफ्रेश करणं आलं.

टाइप करताना पहिल्यांदा कळतं ते हे, की सीएसएस तक्रार करत नाही. ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला तर ती ओळ आणि तिच्या पाठची, दोन्ही ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो. न समजलेलं वगळून पुढे जा, असा नियमच आहे. म्हणून जुन्या ब्राउझरलाही नवं पान निदान वाचता येतं. शिकणाऱ्याला मात्र सातबाऱ्यावरची नोंद तपासावी तसं छापील ओळीवर बोट ठेवून पडद्यावरची ओळ पडताळावी लागते.

सगळ्यांत जास्त वेळ खातं ते बॉक्स मॉडेल. रुंदी ३०० पिक्सेल दिली, दोन्ही बाजूंना २० चं पॅडिंग आणि ५ ची बॉर्डर, तर चौकट भरते ३५०. कारण रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची. होकोन व्हिउम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडली, वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये आली, आणि तिच्यात हाच हिशेब होता. विंडोजवरच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ ने मात्र पॅडिंग-बॉर्डर ३०० च्या आतच धरली. एकाच पानाची दोन मापं झाली, ती जुळवायला लोकांनी नाना खटपटी केल्या. जेफ्री झेल्डमन यांनी २००३ मध्ये ‘डिझायनिंग विथ वेब स्टँडर्ड्स’ लिहून सर्वांनी एकच प्रमाण पाळावं यासाठी किल्ला लढवला, तो या गोंधळाच्या पार्श्वभूमीवर. गंमत म्हणजे आज बॉक्स-सायझिंग लिहून बहुतेक जण मायक्रोसॉफ्टचाच हिशेब आपणहून मागून घेतात. मलाही तोच पटतो. तेव्हा घोळ झाला तो एकट्याने वेगळं मोजण्याचा.

सरावाला मी बाजारभावाचं पान घेतलं : कापूस, केळी, ज्वारी, मका. इथे पुस्तक अडखळतं, कारण त्यातली अक्षरं रोमन. त्यांना १.२ ची लाइन-हाइट पुरते. देवनागरीत ‘कापूस’चा ऊकार खालच्या ‘केळी’च्या मात्रेवर जाऊन टेकतो. रकान्याची उंची बांधून बाहेरचं लपवलं, तर ऊकारच कापला जातो. मामांनी डोकावून विचारलं, “हाई काय शे रे? ‘कापस’?” शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग वाढवावं, तर शिरोरेषा तुटून ‘चोपडा’चे तीन तुकडे होतात. इटॅलिकचंही तेच. बहुतेक देवनागरी फाँटांत तिरपं वळण नसतंच. ब्राउझर उभं अक्षर नुसतं कलतं करतो. जोर द्यायचा तर ठळक बरं.

पण ऊकाराचा इलाज शेवटी पुस्तकातच निघाला, वारशाच्या विवेचनात. पूर्ण पानाला लाइन-हाइट १.७ एम दिली, की १६ पिक्सेलच्या अक्षरावरून २७.२ हा आकडा ठरतो आणि तोच आयता खाली उतरतो. मग ३२ पिक्सेलचं दोन ओळींचं शीर्षक एकमेकांवर चढतं. एकक काढून नुसतं १.७ लिहिलं, तर वारसा आकड्याऐवजी प्रमाणाचा जातो, आणि शीर्षकाला ५४.४ मिळतात. मायर यांनी हे रोमन अक्षरांसाठी सांगितलं आहे, पण गरज आपल्याला अधिक.

मग एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा म्हणून ‘एमआर’ लिहिलं. ज्या फाँटांत तशी सोय असते, त्यांत एवढ्यावर ल आणि श हिंदी वळण सोडून मराठी वळणावर येतात. मामांना त्यातलं काही दिसलं नाही; त्यांनी केळीचा भाव वाचला आणि तो कालचा असल्याचं सांगितलं.

पुढे ग्रिडचं प्रकरण आहे. भावाच्या पानाला ते लागणार नाही, साधं टेबल पुरतं.