प्रवासाचा महिना आधी ठरवावा

भारतात जाऊन येण्याचा बेत आपल्या घरांत ठरू लागला की पहिला प्रश्न तिकिटाच्या दराचा निघतो, दुसरा किती दिवस राहावयाचे याचा, आणि तिसरा कोणाकोणासाठी काय न्यावयाचे याचा. कोणत्या महिन्यात जावे, हे सहसा कोणी विचारीत नाही. शाळेची सुट्टी असेल तो महिना, असे उत्तर गृहीत धरलेले असते. आमच्या मते हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. इतक्या दूरचा प्रवास कुटुंबाला वारंवार परवडत नाही. नातवंडांना पणजोबांचे गाव बहुधा एकदाच दाखविता येते, आणि ते ज्या ऋतूत दाखवावे त्याच ऋतूचे चित्र त्यांच्या मनात कायम राहते.

ऋतूपुढे पैशाचे व यंत्राचे फारसे चालत नाही, याचे ठळक उदाहरण कतारमध्ये आहे. दोहा शहराच्या वायव्येस अल गराफा नावाचे उपनगर आहे. उन्हाळ्यात तेथे पारा चाळीस अंशांच्या बराच वर जातो, म्हणून तेथील उद्यानात चालणाऱ्यांसाठी व धावणाऱ्यांसाठी वातानुकूलित मार्ग बांधलेला आहे. एक उद्यान असे थंड करता आले. परंतु जगभरच्या प्रेक्षकांना बोलावण्याची वेळ आली तेव्हा स्टेडियमे थंड करण्याची सोय असूनही विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा महिनाच बदलावा लागला. जून-जुलैचा नेहमीचा परिपाठ मोडून ती २०२२ साली २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळात झाली. तेल अवीवहून दोह्याला थेट प्रवासी विमान प्रथमच गेले ते याच स्पर्धेच्या निमित्ताने. उलट त्याच कतारच्या समुद्रात व्हेल शार्क हे अजस्र पण निरुपद्रवी मासे मोठ्या संख्येने जमतात, ते मात्र भर उन्हाळ्यात. तात्पर्य, कोणताही ऋतू मुळात चांगला वा वाईट नसतो. काय पाहावयाचे ते आधी ठरवावे, म्हणजे महिना आपोआप ठरतो.

अल गराफासारख्या वस्त्यांतून राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आणि आपली अडचण या बाबतीत एकच आहे. त्यांच्या मुलांच्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी, आपल्याही मुलांना तीच. मग दोघेही त्याच दिवसांत, चढ्या दराची तिकिटे काढून, ऐन पावसात कोकणात उतरतात. दोह्याला वर्षाकाठी जेमतेम पाऊणशे मिलिमीटर पाऊस पडतो, यरुशलेमला सुमारे साडेपाचशे, आणि कोकणात सरासरी अडीच हजारांहून अधिक, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात. मुरुडच्या जंजिऱ्याकडे होड्या सुटत नाहीत. चंद्रपूरकडील ताडोबाच्या जंगलाचा गाभा १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो. डासांपासून व साचलेल्या पाण्यापासून होणाऱ्या आजारांचाही हाच काळ. येथे जन्मलेल्या मुलाने आठ दिवस नातेवाइकांच्या खोलीत बसून खिडकीतून पाऊस पाहिला, तर पुन्हा चलण्याविषयी ते काय म्हणेल, हे सांगावयास नको.

पावसाला दोष द्यावा असा मात्र आमचा हेतू नाही. ज्याला भाताची लावणी पाहावयाची आहे, सह्याद्रीचे धबधबे पाहावयाचे आहेत, त्याने जुलैतच जावे. आपल्या पूर्वजांनी तर तो ऋतू आपल्या सणांतही गुंफला आहे. आब महिन्याच्या नवमीच्या उपवासाला ते 'बिरड्याचा रोजा' म्हणत. बाहेर पाऊस कोसळत असताना मोड आलेल्या वालाच्या बिरड्याने तो उपवास सुटे. तिश्रीमध्ये भात तयार होऊ लागे, तेव्हा 'नव्याचा सण' आणि त्याच्या मागोमाग नव्या तांदळाच्या खिरीचा 'खिरीचा सण' येई. शेबात महिन्याच्या पौर्णिमेला 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' भरे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात या जुन्या नावांची नोंद आहे. ही नावे नीट पाहिली तर असे दिसते की, इब्री पंचांग आणि कोकणचे हवामान यांची सांगड आपल्या वडीलधाऱ्यांनी कधीच घालून ठेविली आहे. आपल्याला नवे काही शोधावयाचे नाही.

ज्या कुटुंबाला एकदाच जावयाचे आहे, त्याने शेबात महिना निवडावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. 'तू बिश्वात' हा दिवस २०२६ साली २ फेब्रुवारीस, २०२७ साली २३ जानेवारीस आणि २०२८ साली १२ फेब्रुवारीस येतो. ज्या वर्षी अदार महिना दोनदा येतो, त्या वर्षी तो जानेवारीत पडतो, एवढे ध्यानात ठेवावे. मराठी पंचांगातील अधिक मासासारखीच ही व्यवस्था आहे. त्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळे गावी, जेथून एलियाहू हन्नाबी स्वर्गास गेले अशी आपली श्रद्धा आहे, तेथे मलिदा करण्यासाठी कुटुंबे जमतात. हे गाव घाटातील लोणावळा-खंडाळ्याहून वेगळे आहे, हे मुलांना आधीच सांगावे. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि फळे यांचे ताट आपण येथेही मांडतो. परंतु ज्या मातीत तो भात पिकतो आणि ज्या माडाचा तो नारळ, तेथे उभे राहून म्हटलेल्या बेराखेचा अर्थ मुलाला अधिक समजावून सांगावा लागत नाही.

या दिवसांत कोकणात दुपारी पारा तिसाच्या आसपास असतो आणि पहाटे शाल लागते. वृद्धांनाही हिंडणे झेपते. जेथे सात जोडपी किनाऱ्याला लागली असे आपण सांगत आलो, ते नवगाव व तेथील पुरातन दफनभूमी पाहावी. अलिबागची इस्रायल आळी व मागेन अबोथ पाहावे. ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाता येते. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधविलेले शार हारहमीम पाहिले म्हणजे आपण सिनेगॉगला 'मशीद' का म्हणत असू आणि जवळच्या रेल्वे स्टेशनाला ते नाव कसे मिळाले, हे मुलांना कळेल. किहीमवरून केहिमकर, पेणवरून पेणकर. नकाशा हाती देऊन मुलांना आपलीच आडनावे शोधू द्यावीत. रायगड जिल्ह्यात याच दिवसांत वालाच्या शेंगांची पोपटी लागते, तीही चुकवू नये.

वन्यजीवांच्या दृष्टीनेही हा काळ अनुकूल आहे. आपल्या हुला खोऱ्यात हिवाळ्यात क्रौंच पक्षी उतरतात, तसे ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. साधारणतः नोव्हेंबर ते मे त्यांचा मुक्काम असतो. ऐरोलीच्या केंद्रातून भरतीची वेळ पाहून बोटीने जाता येते. मुरुड-रोह्याच्या डोंगरात फणसाडचे अभयारण्य आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. आज तेथे शेकरू ही मोठी खार पाहावयास मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकासवांची पिले फेब्रुवारी ते एप्रिल या काळात अंड्यांतून बाहेर येऊन समुद्राकडे धावतात. गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमी संस्थेने २००२ पासून ती घरटी राखली आहेत. तू बिश्वात फेब्रुवारीत येत असेल त्या वर्षी उरूस आणि कासवे दोन्ही एकाच प्रवासात साधतात. तो जानेवारीत असेल तर कासवांची खात्री धरू नये.

शेबात जमत नसेल त्यांनी काय करावे? हनुक्काच्या सुट्टीत हवा उत्तम असते, मात्र नाताळाची गर्दी व दर यांचा विचार करावा. पेसाहच्या सुमारास हापूस आंबा येतो आणि ताडोबात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याचा संभव अधिक असतो. पण चंद्रपूरचा उन्हाळा वृद्धांना व लहानग्यांना सोसत नाही, आणि सणाचे पथ्य प्रवासात पाळणे कठीण. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर फुलांचा गालिचा असतो, परंतु तिश्रीचे मोठे दिवस घरच्या सिनेगॉगमध्ये घालवावेत हेच बरे.

शेबातमध्ये शाळा चालू असतात, ही हरकत खरी आहे. शिक्षकाच्या पेशात वर्षे घालविल्यामुळे मुलाच्या गैरहजेरीकडे आम्ही सहज पाहत नाही. तरीही सातव्या इयत्तेत, बार मित्सवा-बात मित्सवाच्या सुमारास, मुलांना 'शोराशिम' म्हणजे आपल्या मुळांविषयी प्रकल्प करावा लागतो. त्या वर्षी दहा दिवसांची रजा वर्गशिक्षकांना आगाऊ सांगून, अभ्यास बरोबर नेऊन घेतली, तर ती शिक्षणाचाच भाग ठरेल. या वाड्यात आम्ही राहत होतो, या विहिरीचे पाणी भरीत होतो, असे बोट दाखवून सांगणारी माणसे आता घरोघर थोडी उरली आहेत. त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या चढवतात तोवरच हा धडा होऊ शकतो. स्वस्त तिकीट पुढच्या वर्षीही मिळेल. आजी बरोबर असेलच असे नाही.

म्हणून यंदा पंचांग घरात आले की प्रथम शेबातचे पान उघडावे, नातवंडाची इयत्ता व आजीची तब्येत त्याशेजारी मांडून पाहावी, आणि मगच तिकिटाची चौकशी करावी.