पडवीतली मॉरिस पुन्हा सुरू करताना

आपल्या डिचोली-पेडण्याकडे जुन्या घराच्या मागल्या पडवीत, लाकूडफाटा आणि झावळ्यांच्या आड एखादी गोलसर बॉनेटची गाडी कधीकधी दिसते. "आजोबांची मॉरिस. वीस-पंचवीस वर्षे तशीच आहे," असे घरातले सांगतात. त्यापुढचा प्रश्न ठरलेला असतो : "बॅटरी घातली तर सुरू होईल का?" या लेखाचे सांगणे एवढेच की, बॅटरी शेवटी घालायची.

पण इंग्लंडची गाडी गोव्यात आली कशी? पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली. गोव्यात मात्र शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानाप्रमाणे वाहने डावीकडूनच चालत राहिली, त्यामुळे उजवीकडे स्टिअरिंग असलेली इंग्रजी गाडी इथे सोयीची होती. मॉरिस मायनर १९४८ साली बाजारात आली. तिची रचना अलेक इसिगोनिस यांची. पुढे १९५९ साली आलेली प्रसिद्ध 'मिनी'ही त्यांचीच. मॉरिसचेच मोठे भावंड म्हणजे ऑक्सफर्ड, आणि त्या ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती म्हणजे आपली ॲम्बेसेडर. ती २०१४ पर्यंत बनत होती. म्हणून पालकांना सांगावेसे वाटते की, मायनरसाठी मुंबईहून कुणी तज्ज्ञ आणण्याआधी गावातल्या ॲम्बेसेडर टॅक्सीच्या जुन्या मेकॅनिकला विचारा. इंजिन लहान असले तरी घराणे जवळचेच आहे.

आता इंजिनाकडे वळू. सिलिंडर ओतीव लोखंडाचे असते. गाडी चालत असते तेव्हा त्यावर तेलाचा पातळ थर असतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की तेल खाली उतरते, आपल्या पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात. अशा वेळी स्टार्टर मारला किंवा गाडी दोरीने ओढली, तर रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरवर ओरखडा काढतो. मी पहिल्यांदा अशी गाडी हाताळली तेव्हा हेच केले. चार मित्रांनी धक्का मारला, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, आणि 'कट्' असा आवाज आला. तो एक आवाज मला इंजिन पूर्ण उघडण्याच्या खर्चात पडला.

योग्य रीत संथ आहे. चारही प्लग काढायचे. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल (डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे चालते) आत सोडायचे आणि आठवडाभर गाडीला हात लावायचा नाही. मग गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे पाहून पुढून हँडल घालायचे आणि हलकेच वर ओढायचे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, वेढा घालू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. हलले नाही तर पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. मोकळे फिरू लागले की जुने तेल काढून नवे भरावे. मग प्लग न लावता इंजिन बराच वेळ फिरवावे, म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचते.

पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाशी असते. ती उतरवून धुवावीच लागते, कारण जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. बॅटरी जोडताना एक गोष्ट जपावी. आजच्या गाडीत बॅटरीचे ऋण टोक अर्थला असते, मायनरमध्ये धन टोक. बॅटरी घालण्यापूर्वी वायरी पाहाव्यात. उंदरांनी कुरतडलेली एक वायर आग लावायला पुरते. सगळे ठीक असेल तर किल्ली फिरवताच इलेक्ट्रिक पंपाची टक् टक् ऐकू येते आणि पेट्रोल भरले की थांबते. थांबलीच नाही, तर बहुधा कुठेतरी गळती आहे किंवा टाकी रिकामी आहे.

इंजिन सुरू झाले की घरात आनंदीआनंद होतो, आणि खरा धोका तिथेच असतो. कारण गाडी आता चालू शकते, पण थांबू शकत नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. त्या पाण्याने चाकांतले ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. मुख्य सिलिंडर तर चालकाच्या पायाखाली, चॅसीमध्ये बसवलेला असतो. शेडमध्ये पाणी शिरले असेल (वाळवंटीच्या पुराचे पाणी बाजारात शिरते हे साखळीकरांना सांगायला नको) तर त्याची अवस्था विचारू नये. शिवाय चारही चाकांना एकच ब्रेक लाइन आहे. एका ठिकाणी गळती झाली की पेडल सरळ खाली जाते. म्हणून सिलिंडर, रबरी नळ्या, ऑइल आणि टायरही नवे घातल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नये. अंगणातसुद्धा आधी उतार नसलेली जागा पाहावी.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि २०२५ पर्यंत त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या आणि वायसर नव्या प्रकारचे घ्यावेत आणि गाडी पुन्हा महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये.

कागदपत्रांविषयी थोडेसे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांच्या वेळचा नंबर राहतो, हे घरच्यांना फार मोलाचे वाटते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला ती नेता येते. सोमवारच्या बाजारातून भाजी आणायला नाही.