ताशी शंभर शिक्षा

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेची ग्रामसभा दोन तास चालली असं धरू. तेवढ्यात चीनमध्ये दोनशे जणांवर शिस्तभंगाची कारवाई होऊन गेलेली असते. हा २०२४ सालचा सरासरी वेग. त्या वर्षी तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्त तपासणी यंत्रणेने ८ लाख ८९ हजार लोकांना शिक्षा केली; आदल्या वर्षी ६ लाख १० हजार. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार होती. म्हणजे लेकराबाळांसकट जिल्ह्यातला दर तिसरा माणूस!

२०२४ मध्येच ९२ हजार आजी-माजी गावकारभाऱ्यांवर प्रकरणं दाखल झाली. महाराष्ट्रात ग्रामपंचायती साधारण २८ हजार. आपले झाडून सगळे सरपंच, सगळे उपसरपंच आणि वर ग्रामसेवकही ओढले, तरी हा आकडा भरत नाही. आपल्याकडे गैरवर्तनावरून एक सरपंच घालवायचा, तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली आधी जिल्हा परिषदेची चौकशी, मग अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे सुनावणी, पुढे सरकारकडे अपील, आणि हौस असेल तर हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. तारखांनी जीव मेटाकुटीला येतो, पण प्रत्येक दारात माणूस वेगळा भेटतो.

तिकडे दार एकच. २०१८ च्या कायद्याने यंत्रणेला संशयिताला तीन महिने, वाढवून सहा महिने, डांबून ठेवता येऊ लागलं; तेवढ्या काळात वकील भेटत नाही. २०२४ मध्ये असे ३८ हजार लोक आत होते. कोर्ट येतं ते पक्षाचा निकाल लागल्यावर.

धाक खोटा नाही. २०१४ मध्ये कोळसा खात्यातल्या वेई पेंगयुआन नावाच्या अधिकाऱ्याच्या घरात २० कोटी युआनची रोकड सापडली. शंभराच्या नोटा धरल्या तर वजन भरतं तेवीस क्विंटल. कापूस असता तर ट्रॉलीच लागली असती. मोजायला सोळा यंत्रं आणली, त्यातली चार जळाल्याच्या बातम्या आल्या.

तरीही भागाकार करून पाहावा. पक्षाचे सदस्य दहा कोटींवर. ८ लाख ८९ हजारांपैकी पक्षशिस्तीखालची शिक्षा झाली ६ लाख ८० हजारांना. म्हणजे हजारात सात. शिक्षेच्या पायऱ्या पाच: ताकीद, कडक ताकीद, पद काढणं, पक्षात देखरेखीखाली ठेवणं आणि हकालपट्टी. ‘शिक्षा’ या एकाच रकान्यात ताकीदही मोजली जाते. मग एका वर्षात आकडा जवळपास दीडपट झाला तो चोऱ्या वाढल्या म्हणून, की वरून मोहिमेचा हुकूम आला म्हणून? आकड्यांतून ते कळत नाही. पकडणारा, तपासणारा आणि वर्षअखेर आकडा जाहीर करणारा एकच आहे.

अधिकाऱ्यांच्या नेमणुका ठरवणाऱ्या पक्षाच्या संघटन विभागावर नजर ठेवायला या यंत्रणेचं एक पथक असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच पथकाचे प्रमुख ली गांग चौकशीत अडकले. चौकशी केली त्यांच्याच यंत्रणेने.