गड्याचा रोज, बाईचा रोज

खेड्यांत मजुरीचा भाव विचारला, तर एकच उत्तर सहसा मिळत नाहीं. गड्याचा रोज निराळा आणि बाईचा निराळा. पगारपत्रक पाहण्याची संवय असलेल्या शहरी गृहस्थास वाटतें, कीं ही उघड बेकायदेशीर गोष्ट असावी. वस्तुस्थिति इतकी सरळ नाहीं. एकाच किंवा समान स्वरूपाच्या कामास स्त्रीपुरुषांना सारखा मोबदला द्यावा, हें 1976 च्या समान वेतन कायद्यानें बंधनकारक केलें. 2019 च्या वेतन संहितेंतही तीच तरतूद आहे. पण शेतांत मुळीं कामेंच वाटून दिलेलीं असतात. औत हांकणें, पोतीं उचलणें हीं गड्याचीं; खुरपणी, भातलावणी हीं बाईचीं. काम निराळें म्हणून रोज निराळा, असें उत्तर शेतकऱ्याजवळ तयारच असतें. दिवसभर वाकून खुरपें चालविणाऱ्या पाठीचे कष्ट औतामागें चालण्याहून हलके कोणी व कसे ठरविले, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग महाराष्ट्रांतच दिसून आला. वि. स. पागे यांनीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग 1972 च्या दुष्काळांत राज्यभर उपयोगास आला. 1977 सालीं त्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलांत आला. तेथें मजुरी मोजमापावर ठरे: जमीन मऊ कीं मुरमाड, माती किती घनमीटर खणली, ती किती अंतरावर वाहिली, यांवरून पैसे. माती बाईनें खणली कीं गड्यानें, हें मोजपट्टीस कळत नाहीं. स्त्रिया या कामांवर मोठ्या संख्येनें आल्या, यांत नवल तें काय? शिवाय गांवांत असा दुसरा रोजगार असला, म्हणजे खुरपणीचा भाव ठरवितांना शेतकऱ्यालाही थोडा विचार करावा लागतो.

तरीही मोजमापानें सर्व साधतें असें नाहीं. खणणें आणि वाहणें जोडीनें चालतें; रक्कम टोळीच्या वा कुटुंबाच्या नांवें निघाली, कीं पुढची वाटणी घरच्या रिवाजानें होते. याचें ठळक उदाहरण ऊसतोडीचें. तेथें नवराबायको मिळून ‘एक कोयता’. दर टनावर, म्हणजे माप आहेच; परंतु हंगामापूर्वीं मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा नवऱ्याच्या हातीं पडते, आणि ती फेडण्यासाठीं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेण्याचें काम बायकोकडे असतें. तिच्या वाट्याचा आंकडा वहींत वेगळा मांडलेला बहुधा आढळत नाहीं. ती अंथरुणास खिळली आणि नवरा एकटाच फडांत उतरला, म्हणजे त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. तिचा निम्मा वाटा हिशेबांत दिसतो तो तेव्हां.