आधी गळती शोधली, मग संगणक आणला

उज्जैन महाकालाचं, पण भोवतालचा काळ्या मातीचा माळवा सोयाबीनवर जगतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शेतकरी ट्रॉली भरून मंडीत जायचा, तेव्हा दिवसाचा भाव तिथं पोचल्यावरच कळायचा. भाव पटला नाही तरी माल परत न्यायचा म्हणजे पुन्हा भाडं. मग लिलावात पुकारला जाईल तो दर घ्यायचा आणि तोलाईत सांडलेलं सोसायचं.

सोयापेंड निर्यात करणाऱ्या आयटीसीलाही ही मंडी महागच पडत होती. मधले दलाल चांगला-वाईट माल एकत्र करून देत आणि भावाच्या चढउताराचा फायदा स्वतःकडे ठेवत. कंपनीच्या कृषी व्यवसायाचे प्रमुख एस. शिवकुमार यांच्या पुढाकाराने जून २००० मध्ये मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू झाली, ती याच गळतीवर बोट ठेवून. संगणक गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी बसला. त्याला ‘संचालक’ म्हणायचे. गावासमोर शपथ घेऊन तो कामाला लागे. टेलिफोन बेभरवशाचा म्हणून उपग्रहाची जोडणी आली, वीज जाते म्हणून सौर पॅनेल. संचालक भाव वाचून दाखवी, नमुना पाहून दराची चिठ्ठी देई. ती घेऊन शेतकरी कंपनीच्या केंद्रावर जाई. तिथं इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन, जागीच पैसे, वर वाहतुकीचा खर्च.

मला यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते अडत्यांना ‘संयोजक’ म्हणून सोबत घेणं. रोकड सांभाळणं, साठवण, कागदपत्रं ही कामं पडद्यावर होत नाहीत, हे कंपनीने ओळखलं. आपल्याकडे कितीतरी कार्यालयांत आधी सॉफ्टवेअर विकत घेतात आणि मग त्याला काम शोधतात.

शेजारच्या धार जिल्ह्यात त्याच वर्षी जानेवारीत गावोगावच्या संगणक केंद्रांतून सरकारी अर्ज आणि माहिती देणारा सरकारचा ‘ज्ञानदूत’ प्रकल्प आला होता. कल्पना उमदी, पुरस्कारही मिळाला. पण अर्ज केंद्रातून क्षणात गेला तरी दाखला निघायचा तो कचेरीतूनच. वीज आणि तारांचे अडथळे वेगळेच.

ई-चौपालचा परिणाम अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासला. जिथं केंद्रं उघडली, तिथल्या मंड्यांतही सोयाबीनचा भाव साधारण १ ते ३ टक्क्यांनी चढला. म्हणजे कंपनीला न विकणाऱ्यांच्या पदरातही काही पडलं. मात्र मंडीत पोती उचलणाऱ्या हमालाचं आणि तोलणाऱ्याचं काम कमी झालं. त्यांच्यासाठी संयोजकासारखी जागा कुणी काढली नव्हती.